अकरावं वाजवायचं नाही

उद्या पाणी येणार नाही, हे उलव्यातल्या आमच्या सोसायटीला चार वर्षं एक सोळा वर्षांची मुलगी गाऊन सांगत होती.

मुलगी खरी नव्हे, कॉम्प्युटरमधली. चित्रात तिचे केस जांभळे. आपण शब्द लिहायचे, प्रत्येक अक्षराला सूर आखून द्यायचा, की ती गाते. असं सॉफ्टवेअर असतं हे मला माहीत नव्हतं. आठवीत शाळा सुटलेल्या वॉचमनला कोण सांगणार? ते तिसऱ्या मजल्यावरच्या खांबेटे सरांकडे होतं आणि कमिटीवर पाण्याचं खातंही त्यांच्याकडेच होतं. दोन्ही एका माणसाकडे असल्यामुळे जे व्हायचं ते झालं.

सकाळी सातला गेटवरच्या स्पीकरमधून ती सुरू व्हायची, "उद्याऽ सकाळी... पाणी नाही होऽ... बादल्या भराऽ, पिंपं भराऽ..." वरून विमान जायची वेळ असली तर मधेच थांबायची. सरांनी ती जागा आधीच सोडलेली असे. विमान लेट झालं की मात्र ती फुकटच गप्प राहायची आणि गेटवर उभे असलेले लोक माझ्याकडे बघायचे, जसं काही मीच ओळ विसरलो.

"सुरात सांगितलेलं माणूस विसरत नाही, गजानन," सर म्हणायचे. पाटबंधारे खात्यात टायपिस्ट होते. "तीस वर्षं मी पाण्याच्या नोटिसा टाइप केल्या. एकाने वाचली असेल तर शपथ."

लग्न केलं नव्हतं. घरात एक माणूस, एक कॉम्प्युटर आणि खिडकीतली तुळस. माझ्यावर त्यांचे उपकार होते. मी यवतमाळकडचा. एजन्सीने सांगितलं, इथला कोणीतरी ओळखीचा आण, कागदावर सही लागते. मला ओळखणारं इथे कोण? सर मला अकरा दिवसांपासून ओळखत होते, तेही गेट उघडण्यापुरतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि 'मी यांना चांगले ओळखतो' असं लिहून सही केली. नंतर मला विचारलं, "तुझं आडनाव काय रे?"

त्यामुळे ते काही विचारायला खाली आले की मी उभा राहायचो.

"गजानन, 'बादल्या भरा'च्या आधी श्वास कमी पडतोय का?"

श्वास हे त्यांचं वेड. यंत्राला दम लागत नाही, ती मुलगी दिवसभर एका दमात गाऊ शकते. सरांना ते सहन व्हायचं नाही. "न थांबता बोलतो तो माणूस नव्हे, ठेकेदार," म्हणायचे. मग ते दोन ओळींच्या मधे श्वासाचा आवाज हाताने घालायचे, ओढत घेतलेला, किंचित कण्हल्यासारखा. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण सही केलेला माणूस विचारतो म्हणून मी सांगायचो, "थोडासा कमी पडून राहिला सर." ते दोन दिवस गायब. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या नोटिशीत मुठीएवढा जास्त श्वास.

चेअरमन म्हात्रेशेठ इथलेच. बिल्डिंग उभी आहे तिथे त्यांच्या बापाचं शेत होतं आणि आता त्यांचे सहा फ्लॅट आहेत. ते गाडीची काच खाली करून ओरडायचे, "ए वाचमन, त्या पोरीला दमा झालाय काय रं? बंद कर तिला, नाय तं तुलाच गावाला धारीन!" मी आवाज कमी करायचो. गाडी वळली की परत वाढवायचो. दोघांचं मीठ खाल्लं की माणसाची अशी तारांबळ होते.

या जांभळ्या मुलीचे भक्त जगभर आहेत, हे मला सरांनीच सांगितलं. त्यांचे ग्रुप असतात. जो तिला गायला लावतो त्याच्या नावामागे 'पी' लावतात, प्रोड्युसरचा 'पी'. सर तिथे 'पाणकावळा-पी' होते. आमच्या नोटिसा ते तिथेही टाकायचे. मराठी पोरांचा एक ग्रुप त्यावर फिदा. 'काय श्वास आहेत यार', 'बादल्या भरा ऐकून रडलो' असं लिहायचे. सर मला मोबाइल दाखवायचे आणि मी वाचेपर्यंत दुसरीकडे बघायचे.

मग ग्रुपने भेटायचं ठरवलं, सीवूड्सच्या मॉलमध्ये. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला, पोरांसाठी डबाभर खोबऱ्याच्या वड्या घेतल्या आणि मला म्हणाले, "तुझी सुट्टी आहे ना आज? चल. एकट्याने मॉलमध्ये काय करतात मला माहीत नाही."

वर खाण्याच्या जागी वीसेक पोरंपोरी. चार जणींच्या डोक्यावर जांभळ्या केसांचे टोप. आम्ही जवळ जाऊन उभे राहिलो. सरांनी घसा साफ केला. तेवढ्यात एका टोपवालीने हसून विचारलं, "काका, तुमची मुलगी यायची आहे का? नाव काय तिचं ग्रुपवर?"

सरांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. मी त्यांच्याकडे बघत होतो. आता सांगतील.

"पाणकावळा," सर म्हणाले. "तिला बरं नाही. म्हणून मी आलो."

पोरं उडालीच. "पाणकावळा-पी तुमची मुलगी? काका, ती जीनियस आहे! तिला सांगा, तिच्यासारखे श्वास कोणालाच जमत नाहीत." त्यांनी मुलीसाठी एक बिल्ला दिला, जांभळ्या केसांचा. वड्या खाल्ल्या. मग सगळे ओळीत उभे राहिले आणि सरांच्या हातात मोबाइल दिला, "काका, एक फोटो काढाल?"

सरांनी काढला. चांगला यावा म्हणून दोनदा काढला.

परत येताना बसमध्ये ते एवढंच म्हणाले, "मुलीला बिल्ला आवडेल." मी "हो सर" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगायची म्हणूनच हे सगळं लिहायला बसलो.

स्पीकरला एक पेनड्राइव्ह लावलेला असायचा. त्यात दहा सूचना. पाणी नाही, टँकर आला, टाकी धुणार अशा. बटण दाबत गेलं की पुढची लागते. पेनड्राइव्ह देताना सर म्हणाले होते, "अकरावं वाजवायचं नाही. ते माझं आहे, त्यावरून काढायचं राहिलंय." मी चार वर्षं वाजवलं नाही. काय आहे हेही विचारलं नाही.

एका रविवारी भर दुपारी एकला टँकर आला, न सांगता. म्हात्रेशेठ गेटवर, पाहुण्यांची गाडी अडकलेली, मागून हॉर्न. "अरं दाब ना बटन, बघतोस काय!" मी दाबलं, परत दाबलं, परत दाबलं. माझा हात घाबरला की मोजत नाही.

स्पीकर पूर्ण मोठा होता. तिने गायलं, "विन्याऽ..." मग तो श्वास. "पान वाढलंय, येऽ रे."

सरांचं नाव विनायक.

सगळी सोसायटी बाल्कनीत आली होती, टँकरसाठी. आणि वर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आवाज आला, "आलो, आलो!"

अंगावर बनियन, हातात भाताचं पळीपातेलं. खिडकीत येऊन सरांनी खाली पाहिलं, तेव्हा त्यांना कळलं.

मी जन्मात एवढं हसणं ऐकलेलं नाही. चार मजले हसत होते. पाहुणे हसले, टँकरवाला हसला. खरं सांगतो, मीही हसलो, थोडासा, कारण शेठ माझ्याकडे बघून हसत होते.

संध्याकाळपर्यंत हसण्याचं बोलणं झालं. म्हाताऱ्याने कॉम्प्युटरमध्ये बाई ठेवलीय. सोळा वर्षांची, शी! आपल्याही घरात मुली आहेत. पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग बसली. खुर्च्या मीच मांडल्या.

"ते कोनी वाजवलं?" म्हात्रेशेठनी विचारलं.

माझ्या हातात एक जास्तीची खुर्ची होती. ती मी पोटाशी धरली.

"मी," खांबेटे सर म्हणाले.

"तुमी? तुमी तं वर व्हतात. आलो आलो बोल्लात, आख्ख्या सोसायटीनं आयकलं. खाली बटन कोनी दाबलं मग?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ब्लूटूथ," ते म्हणाले.

पेनड्राइव्हवरचा तो जुना स्पीकर, त्यात कसलं ब्लूटूथ? पण 'नसतं' म्हणायची कोणाची हिंमत होईना.

शेठ माझ्याकडे वळले. "वाचमन, हाय काय रं त्यात ब्लूटूथ?"

खुर्ची खाली ठेवायची आणि खरं सांगायचं, एवढंच काम होतं. मी म्हणालो, "असंल साहेब."

सरांना कमिटीवरून काढलं. स्पीकर उतरवला, तोही मीच, शिडी लावून. आता पाण्यासाठी मोबाइलवर मेसेज येतो आणि तो कोणी वाचत नाही. सगळे गेटवर येऊन विचारतात, "ए वॉचमन, पाणी कधी?"

चार दिवसांनी मी पेनड्राइव्ह द्यायला वर गेलो. घरून पाठ करून गेलो होतो. "सर, ते बटण मी..."

"ब्लूटूथ," सर म्हणाले आणि हातानेच तो विषय बंद केला. "बस."

कॉम्प्युटरवर धुतलेला टॉवेल टाकला होता. टॉवेलाच्या कोपऱ्याला तो बिल्ला. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तो आवाज तुमच्या आईचा का सर?"

"छे. आवाज त्या मुलीचाच. आईचा आवाज मी विसरलो, गजानन. कितीही आठवला तरी येत नाही. चाल तेवढी राहिली. 'विन्या' खाली, 'ये रे' वर आणि मधे तो श्वास. गुडघे धरून चुलीपासून उठायची ना, तेव्हाचा."

"मग पाण्याच्या नोटिशीतले?"

"सगळीकडे तोच आहे. मला दुसरा कुठे येतो?"

मग त्यांनीच टॉवेल अर्धा वर केला आणि विचारलं, "तुझी आई तुला कशी हाक मारते? म्हणून दाखव. बसवून देतो. आता वेळच वेळ आहे."

मी "नको सर" म्हणालो. भीती वाटली. मीही त्यांच्यासारखाच आलो आलो करत उठलो असतो.

त्यांना वाईट वाटलं असेल. तसं दिसू दिलं नाही. टॉवेल नीट केला. "बरोबर आहे. तुला खरी आहे. तिला फोन कर. आणि हॅलो म्हणू नकोस, हॅलो काय कोणीही म्हणतं. तिने हाक मारली की ओ द्यायची."

खाली येऊन केबिनमधून फोन लावला. नऊ वर्षं मी तिकडे फोन करतोय आणि नऊ वर्षं हॅलोच म्हणतोय.

"गजूऽऽ," आई म्हणाली.

"ओ," मी म्हणालो.

पलीकडून घाबऱ्या आवाजात, "काहून रे बाबू? काय झालं? नोकरी गेली काय?"

"नाही, आई," मी म्हणालो. "राहिली."