युरीच्या शेपटीचे केस

कालवडीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला की तिच्या सात पिढ्या कळतात, असं शिगेहिरो उएनोसोनो कागोशिमातल्या आपल्या गावात चाळीस वर्षं सांगत आला होता. त्यामुळे सहकारी संस्थेच्या ओरिताबाईंनी सभेत जनुकीय चाचणीची पत्रकं वाटली, तेव्हा तो तडक उभाच राहिला.

"शेपटीचे चार केस मला काय शिकवणार? माझ्या दोन कालवडी तपासा. पैदाशीला एकच ठेवायचीय. युरी पहिली येणार. नाही आली तर तिलाच लिलावाला धाडतो. मग कळेल तुमची चाचणी कितपत कामाची आहे ते!"

टाळ्या पडल्या. छाती काढून तो खाली बसला आणि बसल्याबसल्या त्याला युरीचा बाप आठवला.

युरी आईवेगळी, बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. त्याची टोपी चाटल्याशिवाय ती चाऱ्याला तोंड लावत नसे. पण बाप कोण, तर आता कुणी विचारतही नाही असा जुना वळू. शेजारच्या दावणीची हिसानो मात्र नामांकित वळूची लेक; तिचा वंशावळीचा दाखला वाचूनच व्यापारी पाघळायचे. आता युरीच्या पाठीवरचा आपला हात तिला पारखतोय की तिचे लाड करतोय, हे शिगेहिरोचं त्यालाच सांगता येईना.

चार दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी त्यानं दोघींच्या शेपटीचे केस मुळासकट उपटले आणि युरीचे हिसानोच्या पाकिटात, हिसानोचे युरीच्या पाकिटात घालून मोकळा झाला. त्या दिवशी तो दोन वाट्या भात जास्त जेवला.

निकाल घेऊन ओरिताबाई अंगणात आल्या. बायको मित्सुयो चहा ओतत होती. शेजारी कामिझोनो कुंपणावरून मान लांब करून उभा होता.

"सांगायला वाईट वाटतं," ओरिताबाई म्हणाल्या. "हिसानो अव्वल. वाढ, मांसातली चरबीची जाळी, सगळ्यात. युरी अगदीच सुमार. आणखी एक भानगड आहे, ती मागाहून सांगते."

शिगेहिरोच्या डोक्यात उजेड पडायला जरा वेळ लागला. पडला तेव्हा हातातला पेला सुटला. अव्वल ठरलेले केस युरीचे होते. त्याची नजर शंभर टक्के खरी निघाली होती आणि हे जगात एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

"म्हणजे गुरुवारी युरी लिलावाला," कामिझोनो म्हणाला. "गावासमोर शब्द दिलाय, शिगेहिरोसान."

"चाचणी चुकली असेल."

"केस तर तुम्हीच उपटलेत," ओरिताबाई म्हणाल्या.

"अहो, एवढ्या थंडीत घाम कसला फुटलाय तुम्हाला?" मित्सुयोनं विचारलं.

लबाडी केली, हे सांगणं एकवेळ जमलं असतं. पण ती का केली, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? गोठ्यातून युरी हंबरली. त्याला राहवलं नाही.

"केस मी बदलले. मला वाटलं, ती हरेल."

कामिझोनो हसत हसत कुंपणावरच ओणवा झाला.

"तरीच दोघींचे बाप दाखल्याशी जुळेनात!" ओरिताबाई म्हणाल्या. "रेतन करणाऱ्या बिचाऱ्याला मी चार दिवस फैलावर घेतेय. बरं, पुन्हा तपासू. तोवर युरी इथंच राहू दे."

शिगेहिरोचा जीव भांड्यात पडला. लगबगीनं त्यानं नव्या पाकिटांसाठी हात पुढे केला. ओरिताबाईंनी ती मित्सुयोच्या हातात ठेवली.

"केस या उपटतील. तुम्ही नुसती शेपटी धरा."

"आणि अहो," मित्सुयो गोठ्याकडे वळत म्हणाली, "कुणाची धरलीय ते मोठ्यानं सांगा."