तिरक्या शिक्क्याची अंगठी

लग्नाच्या आदल्या दिवशी होणारा जावई अंगठी दाखवायला आला आणि टायग डॉलननं ती उजेडाकडे धरून पाहिली. फिन्टन नुकताच आयर्लंडहून आलेला, विटा वाहणारा, भोळा सांब. रस्त्यात एका माणसाला ही सोन्याची अंगठी सापडली, आपण नेमके शेजारीच होतो, म्हणून त्या भल्या माणसानं ती आपल्याला अर्ध्या किमतीत दिली, असं तो कौतुकानं सांगत होता. अंगठीच्या आत सोनाराचा शिक्का होता, किंचित तिरका. तसा तिरका शिक्का मारणारा लंडनमध्ये एकच होता, तो म्हणजे टायग.

पितळेला मुलामा द्यायचा, अंगठी रस्त्यात टाकायची आणि साथीदाराकरवी गिऱ्हाइकादेखत ती 'सापडवायची', हा त्याचा धंदा आमच्या आयरिश वस्तीत सगळ्यांना ठाऊक होता. घरात मात्र तो सोनाराचा दलाल होता. आमच्या भाषेत अंगठीला 'फॉन्ये' म्हणतात. इंग्रजांनी इतक्यांदा हात पोळून घेतले, की पुढे खोट्या मालालाच ते 'फोनी' म्हणू लागले. आमची भाषा मरत चालली आणि त्यांच्या भाषेत आमचं एवढंच उरलं.

पण सोन्याच्या अंगठीशिवाय आमच्यात लग्न लागत नाही. गरीब लोक भाड्यानं आणतात, पण सोन्याचीच. पितळेवर लागलेलं लग्न टिकत नाही, हे टायगही मानायचा. खरं बोलावं तर स्वतःचंच पितळ उघडं पडणार. म्हणून गुपचूप बदलायला त्यानं मेलेल्या बायकोची अंगठी पेटीतून काढली. आयुष्यात त्यानं कुणाला दिलेली तेवढीच खरी वस्तू. खिडकीशी नेऊन पाहिली, तर आत तोच शिक्का. तिरका.

"आईची खरी केव्हाच विकली, बाबा," मागून त्याची लेक ओना म्हणाली. "तुम्ही तुरुंगात होता तेव्हा. खायला काय होतं घरात?"

"मी लिव्हरपूलला होतो. कामाला."

"हो. तसंच म्हणायचं ठरलं होतं आमचं."

"आणि ती ही घालून…"

"मरेपर्यंत. बोट हिरवं पडायचं, मग राखेनं घासायची. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही."

टायग लहान मुलासारखा रडला. मग त्यानं फिन्टनच्या अंगठीचं विचारलं.

"बघताक्षणी ओळखली," ओना म्हणाली. "त्याला सांगू नका. जीव टाकून आणलीय त्यानं."

दुसऱ्या दिवशी पाद्रीबुवांनी रिवाजाप्रमाणे टायगला विचारलं, अंगठी सोन्याचीच ना? जन्मभर रस्तोरस्ती बेधडक म्हटलेला 'हो' त्याच्या तोंडून निघेना. सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"सोन्याचीच आहे, फादर," शेवटी ओना म्हणाली. इतक्या सफाईनं तर तिच्या बापालाही ते कधी जमलं नव्हतं.