चिंचेचा एक चौकोन

आलेखाला उंची असते, आणि जिथं उंची आली तिथं मान आलाच. लातुरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. गुणवंतांचे फोटो चौकाचौकात नवरदेवाच्या फोटोपेक्षा मोठे लागतात, ते बघत बघतच इथलं लेकरू चालायला शिकतं.

मंजुश्री मॅडमना मात्र हे ठाऊक नव्हतं. त्या मूळच्या भोकरच्या (तिकडे लेकरं अजून आवडतं म्हणून खातात). दुसरीच्या वर्गाला त्यांनी माहिती गोळा करून आलेख काढायला शिकवलं. मुलांनी एकमेकांना आवडतं फळ विचारलं आणि एका मुलाचा एक, असे रंगीत कागदाचे चौकोन एकावर एक चिकटवले. आंब्याचे सतरा झाले, केळीचे अकरा, सफरचंदाचे आठ, पेरूचे तीन. शेवटी, कोपऱ्यात, चिंचेचा एक. तो जयाचा होता. चिंच हेही फळच आहे असं मॅडमनी वर्गाला समजावलं, जयाचं कौतुकही केलं, आणि पालकसभेच्या दिवशी तक्ता थेट दारात लावला.

जयाचे वडील सुदर्शनराव एका अडत दुकानात मुनीम. दुकान चिंचेचं. घराचं भाडं, जयाची फी आणि त्यांच्या अंगावरचा सदरा, सगळं चिंचेतूनच निघालेलं. तरी तक्त्यापुढं उभं राहून त्यांनी खालचा तो एक चौकोन पाहिला आणि तो झाकला जाईल असे ते पुढं सरकले. शेजारचे अंगदराव मोबाइलवर तक्त्याचा फोटो काढत होते.

"आमचा शिवम आंब्यात हाय," अंगदराव म्हणाले. "तुमची कशात हाय?"

सुदर्शनराव म्हणाले, अजून बघितलं न्हाई.

त्यांना त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी त्यांनी शाळेत जाऊन फेरतपासणीची मागणी केली. आवडीत पहिला नंबर, शेवटचा नंबर असं काही नसतं, असं मॅडमनी त्यांना परोपरीनं सांगितलं. सुदर्शनरावांनी ते मान खाली घालून ऐकून घेतलं. त्यांना मॅडमची दया आली. एवढं शिकून बाईला तक्ता वाचता येत नव्हता.

मुख्याध्यापक गुरुलिंग सर मात्र जाणते होते. तोवर त्यांच्याकडे पेरूवाले तिघंही येऊन गेले होते, आणि सफरचंदवाल्यांनी आपण थोडक्यात हुकलो अशी भूमिका घेतली होती. सरांनी महिनाभरानं फेरसर्वेक्षण जाहीर केलं. सर्वेक्षणाची तारीख आधी कळल्यावर लातूर गप्प बसत नाही. आठवड्याच्या आत दोन गल्ल्या सोडून फळांची फाउंडेशन बॅच सुरू झाली. प्रवेश मर्यादित होते (आलेल्या सगळ्यांना मिळाले). तिथं रोज सराव चाले. प्रश्न एकच असल्यामुळे अभ्यासक्रम वेळेत पूर्ण झाला आणि उजळणीला दोन आठवडे उरले. प्रश्न उलटा आला तर गोंधळू नये म्हणून 'आंबा कुणाला आवडतो?' हेही करून घेतलं. दिवस फेब्रुवारीचे होते, झाडांना नुसता मोहोर होता. सुदर्शनरावांनी आमरसाचा डबाबंद माल आणला आणि घरातली चिंचेची बरणी फडताळात वर, जयाचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवली.

जयानं एकदाच विचारलं, "पप्पा, पण आपल्या दुकानात तर लई चिंच हाय."

"ती विकायची हाय बाळा," सुदर्शनराव प्रेमानं म्हणाले. "आवडायची न्हाई."

फेरसर्वेक्षण शांततेत पार पडलं. चाळीसपैकी चाळीस आंबा. चौकोन कागदात मावेनात, म्हणून वर कागद जोडत जोडत आलेख पंख्यापर्यंत नेला आणि पंखा बंद ठेवावा लागला. शाळेच्या फाटकावर 'दुसरीचा शंभर टक्के आंबा' असा फलक लागला, खाली चाळीस फोटो. बॅचवाल्यांनीही त्याच चाळीस फोटोंचा आपला फलक लावला. या आलेखावरून काय समजतं, असं मॅडमनी वर्गात विचारलं, कारण पाठात तसा प्रश्न होता. आपण सगळे पास झालो, असं मुलांनी एका सुरात सांगितलं. मॅडम पाठ फिरवून फळा पुसू लागल्या. त्यांना रडू येत होतं. संध्याकाळी शाल आणि नारळ देऊन त्यांचा सत्कार झाला (नारळ सर्वेक्षणात नसल्यामुळे त्याला कुणी हरकत घेतली नाही).

सुदर्शनरावांनी गल्लीत पेढे वाटले. रविवारी जयाची आत्या उज्ज्वला नांदेडहून आली. भाचीच्या हातावर द्यायला तिनं नेहमीसारखे मीठ-तिखट लावलेले चिंचेचे गोळे करून आणले होते. पुडी सोडत तिनं विचारलं, "जया, तुला काय आवडतंय गं?"

जयाच्या तोंडाला पाणी सुटलेलं स्पष्ट दिसत होतं. तिनं ते गिळलं, पप्पांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "आंबा."

सुदर्शनरावांचा ऊर भरून आला. आत्यानं पुडी पुन्हा बांधून ठेवली. गोळे चांगले झाले होते, ते रात्री सुदर्शनरावांनीच एकट्यानं संपवले.

वाचकांना यात हसण्यासारखं पुष्कळ सापडलं असेल, आणि ते बरोबरच आहे. मात्र दहावीनंतर तुला काय आवडतं, असं त्यांना घरी विचारलं गेलं, तेव्हा आपल्याला सायन्सच आवडत असल्याचं त्यांनी कुणाच्या तोंडाकडे बघून सांगितलं होतं, तेवढं आठवावं. आता त्यांचं लेकरू कुणाच्या तोंडाकडे बघतं, तेही पाहावं. मग आपलाही एक चौकोन कापून सगळ्यांच्या वर चिकटवावा. पंखा बंदच आहे.