अजगराचा वॉल

“आण्णा, हात पुढं करा,” ज्ञानेश्वरी म्हणाली.

मच्छिंद्र आण्णांनी दोन्ही हात पुढे केले.

“आज दिवसभर ह्या हातांनी कुठल्याच नळाला, कुठल्याच वॉलला शिवायचं न्हाई. म्हणा.”

“आन् पानी वाया चाललं तर?”

“जाऊ द्यायचं.”

“लई चाललं तर?”

“लई जाऊ द्यायचं.”

चप्पल घालून देवळात जा म्हटल्यासारखा आण्णांचा चेहरा झाला. डब्यात धपाटे भरता भरता रतनबाईंनी मान वर केली. “तोंड पाडू नका. मागचं स्थळ तुमच्या ह्याच हातांनी घालवलं.”

हे मात्र खरं होतं. आण्णा सव्वीस वर्षं ग्रामपंचायतीचं पाणी सोडायचं काम करत होते. त्यांच्याकडे व्हॉल्व्हला वॉल म्हणतात आणि तो फिरवणाऱ्याला वॉलमन. राळेगणसिद्धी त्यांच्या गावाच्या शिवेला लागून. शेजाऱ्यांनी पाणी अडवून नाव कमावलं, मग आपण निदान गळू तरी देऊ नये, एवढी एकच गोष्ट आण्णांनी आयुष्यात मनावर घेतली होती, पण ती अशी घेतली की तीन आळ्या पलीकडे नळ ठिबकला तरी त्यांना झोपेत उचकी लागायची. गेल्या वर्षी श्रीगोंद्याचे पाहुणे ज्ञानेश्वरीला बघायला आले. मुलाचे वडील मोरीत तोंड धुवत होते, डोळ्यांवर साबण होता आणि नळ मोकळा वाहत होता. आण्णांनी जाता जाता नळ बंद केला, तोही आपल्या घट्ट हातानं. पाहुणे डोळे मिटून नळ पिळत राहिले. शेवटी टॉवेलाऐवजी म्हशीची झूल हाताला लागली आणि स्थळ गेलं.

ज्ञानेश्वरीला त्याचं फार वाईट वाटलं नव्हतं. या वेळची गोष्ट निराळी होती. केडगावचा हर्षल तिला आवडला होता. तिनं घरात तसं चकार शब्दानं सांगितलं नव्हतं, तरी ते म्हशीलासुद्धा कळलं होतं. आणि त्याच हर्षलनं सुचवलं होतं, “बैठकीत सगळे अवघडून बसतात. त्यापेक्षा जलमौज पार्कला जाऊ. मोकळेपणानं बोलणं होईल.”

आता जलमौज म्हणजे काय, हे पुणे रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला लांबूनच दिसतं. उंचच उंच रंगीत नळ्या, त्यातून घसरणारी माणसं आणि किंचाळ्या. जिल्ह्यातल्या निम्म्या शाळांच्या सहली तिथंच जातात. आण्णा मात्र अठ्ठावन्न वर्षांत कधी आत गेले नव्हते.

आत शिरले आणि जागीच थांबले. समोर पाणी वरून पडत होतं, खालून उडत होतं, भिंतीतून फुटत होतं. एक प्लॅस्टिकचा हत्ती काही कारण नसताना सोंडेतून पाणी सोडत होता. वर टांगलेली भली मोठी बादली भरली की आपोआप उलटी व्हायची आणि खालची पोरं आनंदानं ओरडायची.

“हजार लिटर,” आण्णा पुटपुटले. “वरच्या आळीचं दोन दिसाचं प्यायचं पानी.”

“आण्णा, हात,” ज्ञानेश्वरी कुजबुजली.

आण्णांनी दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले.

हर्षल आणि त्याचे वडील आप्पासाहेब आधीच येऊन थांबले होते; आई घरीच होती. आप्पासाहेब एसटीतून निवृत्त झालेले कंट्रोलर. नगरच्या स्टँडवर चाळीस गाड्यांच्या आवाजावर आवाज चढवण्यात त्यांची हयात गेली होती, म्हणून शेजारच्या माणसाशीही ते फलाट नंबर सांगितल्यासारखेच बोलायचे.

“काय पाहुणं, पान्याला भिता काय? मी तरुणपनी भंडारदऱ्याच्या धरणात ह्या काठावरनं त्या काठाला पोहत गेल्तो. एका दमात.”

“एका दमात?” रतनबाईंनी कौतुकानं विचारलं. मुलीची आई होत्या, विचारणं भाग होतं.

“मधी दम खायला जागाच न्हाई ना तिथं. चला पाहुणं, त्या अजगरात बसू.”

अजगर म्हणजे तिथली सगळ्यात उंच घसरगुंडी. काळी, बंद, वेटोळ्यांची नळी. आण्णांनी शुगरचं कारण काढलं. आप्पासाहेब हसत हसत एकटेच जिन्याकडे गेले. पुढे शाळेच्या सहलीच्या मुलींची रांग होती, मागेही मुलीच. मधोमध आप्पासाहेब, भाड्याच्या निळ्या चड्डीत.

आण्णा सावली शोधत अजगराच्या मागच्या बाजूला आले. आणि घात तिथंच झाला. कण्हेरीच्या झुडपाआड एक जाड पाइप होता, पाइपाच्या सांध्यातून बारीक धार लागली होती आणि धारेच्या वरच हाताशी लाल चाक होतं.

वॉल.

आण्णांनी तोंड फिरवलं. धार वाहत राहिली. त्यांनी आभाळाकडे पाहिलं, हर्षलचा चेहरा आठवला, लेकीचा आठवला. धार वाहत राहिली. मग त्यांनी स्वतःशीच तडजोड केली: पाव फेरा. फक्त गळती थांबण्यापुरता. पाव फेऱ्यानं ती अर्धी झाली. अर्ध्या फेऱ्यानं ती थेंबावर आली. आता वॉल अर्धवट सोडला की आतली चकती खराब होते, हे सव्वीस वर्षांच्या नोकरीतलं पहिलं तत्त्व. हातांनी ते आण्णांना न विचारताच पाळलं. गळती थांबली. काय शांत वाटलं. इतकं शांत, की अजगराच्या पोटातली खळखळसुद्धा ऐकू येईना.

आणि मग अजगर बोलला.

“हर्षल?”

आवाज काळ्या नळीतून घुमत बाहेर आला, यात्रेतल्या कर्ण्यासारखा. सगळं पार्क वळून बघू लागलं.

“हर्षल, मी मधीच अडकलो रं. पानी गेलं.”

शिट्ट्या वाजल्या. वरच्या माणसानं रांग थांबवली. हर्षल धावत आला, पाठोपाठ ज्ञानेश्वरी आणि रतनबाई. “पंप चालू आहे, मग पाणी गेलं कुठं?” असं एकमेकांना विचारत चार कामगार भलत्याच दिशेला पळाले. कानिफनाथ नावाचा सुरक्षारक्षक मात्र नेमका कण्हेरीसमोर येऊन उभा राहिला.

आण्णा सहज चालल्यासारखे तिकडे सरकले.

“काका, मागं व्हा. बिघाड झालाय.”

“मला फकस्त पलीकडं जायचंय.”

“पलीकडं काहीच न्हाई, काका. वॉल हाय तिथं.”

“मला म्हाईत हाय,” आण्णा म्हणाले आणि जीभ चावली.

इकडे अंधारात एकट्या पडलेल्या आप्पासाहेबांचा धीर सुटला होता. आपला आवाज किती लांब जातोय याची त्यांना कल्पना नव्हती, आणि हळू बोलायची तर सवयच नव्हती.

“हर्षल, ऐक. मला उंचीचं भ्या वाटतंय. मी वरनंच माघारी फिरनार हुतो, पन मागं त्या पोरी हुत्या.”

रांगेतल्या पोरी खुसखुसल्या.

“आन् भंडारदऱ्याला मी पोहलो न्हाई. मला पोहताच येत न्हाई. मी काठावर बसून कणसं खाल्ली. चार. तुझ्या आईला सांगू नको.”

हर्षलनं कपाळाला हात लावला. ज्ञानेश्वरीला मात्र वेगळीच शंका आली. तिनं वळून आण्णांकडे पाहिलं, मग त्यांच्या हातांकडे. ते पाठीमागे नव्हते.

“आण्णा?”

गप्प राहिलं तर पोरीचा सासरा अजगराच्या पोटात, बोललं तर तो सासरा होणारच नाही. पण नळीतून परत एक बारीक “हर्षल?” आलं, फलाटावर चुकलेल्या पोराच्या आवाजात. आण्णांना ते ऐकवेना.

“वॉल म्या बंद केला,” ते कानिफनाथला म्हणाले. “सवय हाय. सरक बाबा, मलाच उघडू दे. तू उघडलास तर एकदम उघडशील आन् पाहुणं पार गेटाबाहेर जातील.”

कानिफनाथ सरकला. आण्णा चाकाशी बसले आणि त्यांनी कान पाइपाला लावला. जुन्या लाइनला पाणी सोडताना सोडतात तसं, बोटानं बोटानं त्यांनी चाक फिरवलं.

“पाहुणं, मी मच्छिंद्र. पाय सरळ ठिवा. भिऊ नका, तुमाला हळूच सोडतो.”

“व्हय,” अजगर म्हणाला.

“आला का ओलावा?”

“आला. अजून जरासं सोडा. बास, बास. हां.”

आणि ज्या नळीतून माणसं बंदुकीतून सुटावी तशी सुटतात, तिच्या तोंडातून आप्पासाहेब बैलगाडीच्या वेगानं बाहेर आले. बसलेले, ताठ, हात मांडीवर. तळ्यात अलगद टेकले. कंबरेएवढ्या पाण्यात उठून उभे राहिले आणि थेट आण्णांसमोर आले. कुणी हसलं नाही. रतनबाईंनी पदर तोंडाला लावला.

“वॉल तुमी बंद केला?”

“व्हय. चूक झाली, पाहुणं. पोरीचा काय दोष न्हाई.”

“आन् मी आत काय काय बोललो, ते तुमी ऐकलं?”

आण्णांना खोटं कधी जमलं नव्हतं. “कणसापर्यंत.”

आप्पासाहेबांनी इकडेतिकडे बघितलं. जन्मात पहिल्यांदा ते हळू आवाजात बोलले. “मग आमची एक अट हाय. ह्यातलं एक अक्षर केडगावात गेलं न्हाई पायजे. गेलं, तर हे स्थळ इसरा.”

“माझ्या तोंडून जानार न्हाई,” आण्णा म्हणाले. रतनबाईंनी मान हलवली.

संध्याकाळी सगळे कोरडे होऊन गेटाबाहेर आले. धपाटे संपले होते, पार्कवाल्यांची माफी मागून झाली होती आणि आप्पासाहेब मधूनमधून “हळू सोडलंत पन, मजा आली” असंही म्हणायला लागले होते. तेवढ्यात सहलीची बस हॉर्न देत शेजारून निघाली. कंट्रोलरची नजर सवयीनं गाडीच्या पाटीवर गेली. पाटीवर शाळेचं नाव होतं, आणि नावाखाली गावाचं. केडगाव.

खिडक्या उघडल्या. पन्नास मुलींनी एका सुरात विचारलं, “आजोबा, कणसं गोड होती का?”

बस गेली. धूळ खाली बसली. आण्णा चपलेच्या अंगठ्याकडे बघत उभे राहिले. ज्ञानेश्वरीनं हर्षलकडे पाहायचंसुद्धा टाळलं.

आप्पासाहेबांनी बस गेली त्या रस्त्याकडे बघितलं. मग त्यांनी आण्णांच्या खांद्यावर हात ठेवला.

“व्याही,” ते म्हणाले, “ह्याचा वॉल कुठं असतोय?”

आण्णांनी सव्वीस वर्षांचा अनुभव पणाला लावून विचार केला.

“ह्याला वॉल नसतो, व्याही.”