मुरमाच्या रंगाची कणीक

सोनवणे बाई रोज सकाळी कणीक मळतात, पण पोळ्यांसाठी नाही. अर्धी कणीक त्या मुरमासारखी तांबूस रंगवतात, अर्धी हिरवीगार. मग हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळून आमच्या गल्लीच्या तिकटीवर, तीन वाटा मिळतात तिथं लिंबाखाली, बी पेरल्यासारख्या टाकतात आणि ओट्यावर बसून साळुंक्यांची वाट बघतात.

बेंबळीच्या शाळेत त्यांनी मला विज्ञान शिकवलं. आता त्या निवृत्त आहेत, माझ्या शेजारी एकट्या राहतात, आणि माझी पन्नाशी आली तरी त्यांनी मला पास केलेलं नाही. मी एकदा म्हणालो, "बाई, नाकतोडे मोठे हुशार. माळावर तांबडे होतात, गवतात हिरवे."

"ठरवून कोणी होत न्हाय," बाई म्हणाल्या. "किड्याला कुठली आलीय एवढी अक्कल? माळावर दोन्ही रंगाचे जन्मतात. हिरवा पाखराला लांबून दिसतो. दिसला तो खपला. तांबडा राहतो, त्याची पिल्लं बहुतेक तांबडीच. पिढ्यान्‌पिढ्या असं चाललं की सगळा माळ तांबड्यांचा. उरलेल्यांचा त्यात काही पराक्रम न्हाय, दिलीप."

'दिसला तो खपला' हे त्यांचं पालुपद. ग्रामसभेत एकानं चुकून हात वर केला आणि जत्रेची वर्गणी गोळा करायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं, तेव्हाही बाई मागून हळूच हेच पुटपुटल्या होत्या.

गोळ्यांचा खटाटोप हेच डोळ्यांनी बघण्यासाठी. तिकटीच्या मुरमावर टाकल्या की साळुंक्या आधी हिरव्या वेचतात. लिंबामागच्या गवतात टाकल्या की आधी तांबड्या. बाईंना हे पाठ आहे, तरी रोज नव्यानं आनंद होतो.

पण तिकटीवर रंगीत कणीक म्हणजे आमच्याकडं उतारा. कोणाची तरी पीडा उतरवून टाकलेली. ती ओलांडायची नसते. समोरच्या शांताकाकूंचा नातू तापानं फणफणला आणि गल्लीभर कुजबुज झाली. बाया पोरांना घेऊन देवळामागून वळसा घालू लागल्या. दूधवाला कोपऱ्यावरूनच हाक मारून बाईंना पातेलं आणायला सांगू लागला.

एका संध्याकाळी काकूंच्या दारात ठरलं की बाईंना हे बंद करायला सांगायचं. "तू त्यांचा विद्यार्थी. तुझं ऐकतील," काकू म्हणाल्या. तो उतारा नाही, हे तिथं फक्त मला ठाऊक होतं. मी मान डोलावली. माझा रंग गल्लीच्या मातीशी फार लवकर जुळतो.

सकाळी गेलो तेव्हा बाई तिकटीवरून ओंजळ मिटून घाईघाईनं येत होत्या. "फाटक उघड तुझं," म्हणाल्या. माझ्या परसातल्या गवताशी वाकून त्यांनी ओंजळ उघडली. हिरवा नाकतोडा टुणकन उडाला आणि गवतात दिसेनासा झाला.

"मुरमावर बसला होता येडा. साळुंकी टपलीच होती."

"पण बाई, हीच तर ती निवड. तुम्हीच सांगता."

"सांगते की. खरंच हाय ते." त्यांनी पदराला हात पुसले. "पण डोळ्यांदेखत न्हाय बघवत. वर्गातबी एखादं असायचं असं, चुकीच्या जागी येऊन बसलेलं."

मग त्या तिकटीकडं बघत राहिल्या. "आजकाल इकडून कोणी जात न्हाय रे. पाखरांना बरं झालं. मलाच दिवसभर बोलायला कोणी न्हाय." मग माझ्याकडं वळल्या, "तू कशाला आलतास?"

त्यांना काहीच कळलेलं नव्हतं, की सगळं कळलं होतं, मला सांगता येत नाही. शांताकाकू समोरच्या दारातून बघत होत्या. निरोप जिभेवर होता.

"गोळ्या टाकायला," मी म्हणालो.

बाईंनी गोळ्यांचा डबा दिला. मी तिकटीवर उकिडवा बसून गोळ्या पेरू लागलो. "अरे दिलीप, तुला कशाला पाठवलं होतं?" काकूंनी तिकडून विचारलं. मी पुढची गोळी टाकली.

"मागं सर जरा," बाई ओट्यावरून म्हणाल्या. "पाखरं बुजतील. लई दिसायलास तू."

मी उठलो, गोळ्या ओलांडल्या आणि बाईंच्या शेजारी जाऊन बसलो. तिथूनही मी सगळ्या गल्लीला दिसत होतो.