रविनाला दिवस गेले तेव्हा

कादंबरी लिहायची तर आधी पक्का आराखडा हवा, असं हरिभाऊंनी मला बजावलं आणि तिथेच घात झाला. (हरिभाऊंची एक कथा दिवाळी अंकात छापून आली आहे. माझं आजवरचं प्रकाशित साहित्य म्हणजे कचेरीची स्मरणपत्रं.)

मी मोखाड्याला कारकून, बिऱ्हाड जव्हारला. परवा संध्याकाळी परतीच्या जीपमध्ये कसाबसा कोंबला गेलो आणि हरिभाऊंचा फोन आला. आमच्या जीपचा खडखडाट असा, की खासगीतलंही ओरडूनच बोलावं लागतं.

"हरिभाऊ, रविनाला दिवस गेलेत!" मी ओरडलो.

जीपमधल्या गप्पा बंद पडल्या.

"नाही हो, बायकोला अजून पत्ता नाही. आताच कळलं तर पुढे मजा काय? ... दाभोशाचीच पोरगी! धबधब्यावर भेटतात ना दोघं. ... मी म्हणतो, नवव्या प्रकरणात बायकोला मारूनच टाकू!"

शेजारची सुकरीमावशी टोपली सावरत माझ्यापासून लांब सरकली. (सरकायला जागा नव्हती. तरी सरकली.)

"नववा प्रकरण?" ती पलीकडच्या बाईला म्हणाली. "म्हंजे आधी आठ झालीत?"

श्रोते रंगलेत असं वाटून मी आवाज आणखी चढवला. आमच्या गल्लीतल्या पुष्पावतीकाकू मागच्या बाकावर होत्या, हे मला जव्हारला उतरताना कळलं. मी नमस्कार केला, तर त्या पदर खोचून पळतच सुटल्या. मी निवांत भाजी घेऊन घरी पोचलो.

बायको, प्रांजल, दारातच उभी. मागे काकू, हातात पाण्याचा तांब्या.

"रविना कोण?"

"अगं, ती होय? ती माझ्या कादंबरीत आहे."

"ऐकलंस?" काकू कडाडल्या, "कादंबरीत नेऊन ठेवलीय! कुठल्या तालुक्यात आलं ते?"

घाम पुसत मी सगळं समजावलं. आराखडा, प्रकरणं, हरिभाऊ. प्रांजलचा चेहरा काही हलेना.

"आणि तो नायक कसा आहे?" तिने विचारलं.

"कारकून. पण देखणा, बोलण्यात चतुर. घरात कुणाला संशय येऊ न देता रविनालाही सांभाळतो."

प्रांजल खुदकन हसली. "मग ते तुम्ही नाही."

सुटकेचा श्वास टाकून गप्प बसायला हवं होतं. पण लेखकाचा अभिमान दुखावला.

"का नाही? मनात आणलं तर मलाही जमलं असतं!"

"असतं?" काकूंनी तांब्या खाली ठेवला. "म्हणजे खरं काहीच नाही? उगाच धावले मी!"

तेवढ्यात प्रांजलचा फोन वाजला. तिचा भाऊ तुषार. काकूंच्या निरोपावरून दोन मित्रांना घेऊन मोखाड्याहून निघाला होता, बहुधा माझी हाडं मोजायला. मी दाराला आतून कडी घातली.

"दादा, आहेस तिथून माघारी फीर," प्रांजल हसू आवरत म्हणाली. "छे रे, यांना कोण मिळणार? नुसतं लिहितायत!"