जो कापतो, तो शेवटी उचलतो

आमचे बाबीकाका सुरमईसुद्धा वारसा कायद्यानुसार कापतात. तुकड्या समान हव्यात, मुलगा आणि मुलगी असा भेद नको, आणि त्यांनी स्वतः घातलेले एक कलम सर्वांत कडक: "जो कापता, तो शेवटाक उचलता." कापणारा शेवटी उचलणार असेल, तर लबाडीला वाव उरत नाही. न्याय्य वाटपाची हीच पद्धत पुढे गणिताच्या तासाला शिकवताना प्राध्यापकांनी फळ्यावर केक काढला होता. मला सुरमई दिसली.

बाबीकाका माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आयुष्यभर कोर्टात कारकुनी केली; लग्न केले नाही. कारण विचारले तर म्हणतात, "हिस्सेदार कित्याक वाढवूचे?" इतरांच्या हिस्सेदारांवर मात्र त्यांची बारीक नजर असते. एकदा जेवायला आलेल्या शेजारच्या सुलभाला त्यांनी दोन तुकड्या वाढल्या आणि जाहीर केले, "पोटातला पोर पण हिस्सेदार!" कुंपणाशी उभी राहून ती कैऱ्या खाताना त्यांनी पाहिली होती. सुलभाच्या सासूला आनंदाची बातमी कळली ती अशी, भर पंगतीत.

बाबा गेल्यावर त्यांच्या वाट्याची तारकर्लीची वाडी आई, धाकटा भाऊ दिगू आणि मी अशा तिघांच्या नावावर झाली. समुद्रशैवालाच्या संशोधनासाठी मी परदेशी निघाले होते आणि दिगूला वाडीत पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. आमच्याकडची रीत ठरलेली आहे: बहिणीला वडे-सागोतीचे जेवण घालायचे, साडी देऊन ओटी भरायची आणि मग कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर तिची सही घ्यायची. माझी हरकत नव्हती. न वापरलेले उपकरण प्रयोगशाळेत अडवून ठेवू नये, असे माझे तत्त्व आहे.

जेवण झाले. आईने साडी पुढे केली तशी काकांनी ती उचलली आणि स्वतःच्या मांडीखाली ठेवली.

"काका, साडी द्या," दिगू कळवळला. "कचेरी बंद होयत!"

"होवंदे. गो चेडवा, तुका वाडी नको?"

"मी परदेशात राहून वाडीचं काय करू, काका?"

"करूक नको. येवक व्हयी."

मग त्यांनी बायोआत्याचे नाव काढले. काकांची ही धाकटी बहीण शिरोड्याला असते. आजोबा गेल्यावर तिनेही अशीच सही केली होती.

"साडी मियाच आणलंय. आबोलीच्या रंगाची. कचेरीत पण मियाच नेलंय. ह्याच घरात जल्माक इल्ली ती, आणि तेच्या फुडल्या खेपेपासून फाटकाभायर उबी रवान इचारता, 'दादा, येव काय?' माझ्या हिश्श्यातलो अर्धो परत तिच्या नावार केलंय. सातबाऱ्यार नाव इला. तिची फाटकाभायरली हाक बदलाक नाय."

मी सही केली नाही. दिगू दोन दिवस फुगून बसला, मग त्याने तिघांच्या नावाने कर्ज काढले. बांधकाम चालू असताना खिडक्या कुठे हव्यात, हे तो मला परदेशी फोन करून विचारू लागला.

खोल्या तयार झाल्या तेव्हा मी सुट्टीवर आले होते. वास्तुशांत आटोपली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिरोड्याहून बायोआत्या आली. फाटकाबाहेरून हाक आली, "दादा, येव काय?"

"अर्ज केलंस?" काका विळीवरून ओरडले. "तारीख घेवन ये!"

आत्या हसतच आत आली. काकांनी सुरमई कापली, आईने तळली, ताट मध्ये आले. नियमानुसार पहिला मान पाहुणीचा. ती दरवेळी शेपटीकडची, समान कापूनही बारीक आणि काटेरीच राहणारी तुकडी उचलते. माहेरी कमी घ्यायची सवय तिला सहीपासून लागलेली. तिचा हात तिकडे वळला, एवढ्यात काकांनी ती तुकडी उचलली.

"दादा! तू कापलंस. तू शेवटाक!"

"कायदो माझो आसा."

आत्याने क्षणभर ताटाकडे पाहिले. मग मधली, जाडजूड तुकडी पानात घेतली आणि शिरोड्याच्या बाजारातली मासळी कशी महागली ते सांगत जेवू लागली.

शेपटीला काटे फार. काका खाली मान घालून बराच वेळ ते काढत बसले.